पडदा बदलताना आधी विचारा : मोजमाप कुठे होते?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. पण याच विदर्भात, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर कित्येक वैमानिक डायमंड डीए-40 या छोट्या विमानावर शिकले. या जातीच्या बऱ्याच विमानांत काट्यांच्या गोल डायलऐवजी 'गार्मिन जी-1000' चे दोन पडदे असतात. त्यातला एक बिघडला तर? जुना काढा, नवा लावा, झालं काम! पण मला वाटते, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : वेग आणि उंचीचे मोजमाप नेमके होते कुठे?

जी-1000 मध्ये ते पडद्यात होत नाही. हवेचा दाब मोजणारा संगणक वेगळा, विमानाचा कल सांगणारा वेगळा. पडदा फक्त दाखवतो. वीज बंद करायची, चार स्क्रू पाव फेरी फिरवायचे, मागचा कनेक्टर सोडवायचा, की पडदा हातात! मग नव्या पडद्यात त्या विमानासाठी मंजूर असलेले सॉफ्टवेअर व कॉन्फिगरेशन कार्डावरून भरायचे आणि व्हर्जन तपासायचे. एक पडदा बंद पडल्यास लाल बटण दाबून दुसऱ्यावर सगळी माहिती येते का, तेही पाहायचे.

'गार्मिन जी-5' ची गोष्ट निराळी. जुन्या विमानात गोल डायलच्या जागी बसणाऱ्या या छोट्या पडद्याच्या पोटातच सेन्सर असतात. हवेच्या नळ्या थेट त्याला जोडतात. म्हणजे हा नुसता टीव्ही नव्हे, थर्मामीटरसुद्धा आहे. तो बदलला की नळ्या उघडल्या जातात. मग गळती तपासणे आलेच, शिवाय कल पुन्हा कॅलिब्रेट करणेही आले.

गळतीने एवढे काय बिघडते? उडताना कॅबिनमधला दाब सहसा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. स्टॅटिक नळी आत गळली, तर उंची आणि वेग दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. उतरताना वैमानिक समजतो, आपण पुरेसे वर आहोत, वेगही ठीक आहे. आणि प्रत्यक्षात दोन्ही कमी! पडद्यावर मात्र आकडे अगदी सुबक. म्हणूनच अमेरिकी नियमांत अशा छोट्या विमानासाठी 1000 फुटांइतका दाबफरक देऊन एका मिनिटात 100 फुटांपेक्षा जास्त घट चालत नाही.

आपल्याकडे डीजीसीएचा परवाना असलेला इंजिनिअर सही करतो, तेव्हाच विमान उडते. एव्हिऑनिक्ससाठी हा परवाना बी-2 वर्गाचा असतो. प्रयोगशाळेत रीडिंग चुकले तर आपण प्रयोग पुन्हा करतो. त्या सहीनंतर मात्र प्रयोग थेट हवेत होतो, आणि त्यात माणूस बसलेला असतो. तेव्हा कोणतेही डिस्प्ले युनिट हातात घेताना पहिला प्रश्न हाच : हे नुसते दाखवते, की मोजतेसुद्धा?