पैदाशीच्या कोंबडीचें वजन व अंड्यांचें उत्पन्न

दुष्काळनिवारणाच्या कामीं साह्य करणाऱ्या व्यापारी, जमीनदार व इतर उदार सद्गृहस्थांच्या सेवेशीं हा लहानसा पाठ सादर आहे.

बालाघाटाच्या डोंगराळ पठारावर वसलेल्या वाशी व आसपासच्या गांवांची भिस्त पावसावर व ज्वारीवर. पाऊस हुकला कीं दाणा व चारा दोन्हीही नाहींसे होतात. १९७२ सालचा दुष्काळ वृद्ध मंडळी अद्याप विसरलेली नाहींत. अशा वेळीं गरीब कुटुंबास कोंबडीचीं पिल्लें देणें हा धर्म उत्तमच. परंतु तीं पिल्लें ज्या कळपाच्या अंड्यांतून निघतात, तो पैदाशीचा कळप नीट राखला नाहीं, तर दान मुळाशींच आटतें.

कोंबडीस जितका अधिक दाणा घालावा तितकीं अंडीं अधिक, असा सामान्य समज आहे. तो चुकीचा आहे. भराभर वाढणाऱ्या जातीची मादी मनसोक्त खाऊं लागली म्हणजे पोटांत व यकृतांत चरबी सांठविते. तिच्या बीजकोशांत एकाच वेळीं गरजेपेक्षां अधिक बलक पिकतात. त्यामुळें दोन बलकांचीं व सदोष कवचाचीं अंडीं येतात, कांहीं बलक पोटांतच पडतात, व अंडें घालतांना अंग बाहेर येऊन मादी दगावते. उन्हाळ्याचा तडाखाही लठ्ठ कोंबडीसच अधिक बाधतो. उलटपक्षीं, उपाशी ठेवलेली मादी उशिरा अंड्यावर येते व लहान अंडीं घालते.

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयानें परसांत पाळण्यासाठीं तयार केलेली ‘वनराजा’ ही जात याचें चांगलें उदाहरण होय. अंड्यांकरितां ठेवलेली तिची मादी सहा महिन्यांच्या सुमारास सव्वादोन ते अडीच किलोंच्या आंत राखावी लागते. पैदाशीच्या कळपास पुढील नियम लागू आहेत :

(१) दर आठवड्यास ठरलेल्या वारीं, सकाळीं दाणा घालण्यापूर्वीं, शंभरांपैकीं निदान दहा माद्या निवड न करतां तोलाव्या व वजन वहींत टिपावें.

(२) दहांपैकीं आठ माद्यांचें वजन सरासरीहून शेंकडा दहापेक्षां अधिक मागेंपुढें नसावें. लहान माद्या वेगळ्या करून पोसाव्या.

(३) वजन वाढलें म्हणून दाणा एकदम तोडूं नये; वाढीचें प्रमाण कांहीं दिवस थांबवावें. पाणी मात्र कधींही कमी करूं नये.

(४) सर्वांस एकाच वेळीं खातां यावें म्हणून दर मादीस सुमारें १५ सेंटीमीटर जागा द्यावी. नाहींतर बलवान् लठ्ठ होतात व दुबळ्या उपाशी राहतात.

(५) नर वेगळे तोलावे. जड नराकडून जोड नीट लागत नाहीं व अंडीं वांझ निघतात.

(६) अंडीं सुरू होतांच दाणा उत्पन्नाप्रमाणें हळूहळू वाढवावा, शिंपल्यांचा चुरा द्यावा, व भर ओसरल्यावर दाणा तसाच हळूहळू उतरवावा.

आतां व्यापारी मंडळींनीं हिशेब पाहावा. शंभर माद्यांस दररोज प्रत्येकीं २० ग्रॅम दाणा फाजील गेला, तर दिवसास २ किलो, व वर्षास ७३० किलो होतो. म्हणजे सात क्विंटलांहून अधिक धान्य अंडीं कमी करण्याकरितांच खर्ची पडतें! टंचाईच्या सालीं तेवढ्या धान्यावर माणसांचीं कुटुंबें जगतात.

सबब, जे सद्गृहस्थ कळपाकरितां धान्य देतील त्यांनीं त्यासोबत एक तराजू व एक वहीही द्यावी, आणि जे जमीनदार कळप राखतील त्यांनीं दर आठवड्याची नोंद दात्यांस दाखवावी, अशी सविनय विनंती आहे.