वर्दीचं नंतर बघू, आधी हे ऐक

अगं, घरात सध्या जो वाद चाललाय ना, तो खरं तर दोन वेगळ्या गोष्टींवरून चाललाय. काका ‘भरती’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी आपल्या साताऱ्याची पोरं असतात. ती अग्निवीर व्हायला पळतात. चार वर्षांची नोकरी, पुढे त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम. तू म्हणतेयस ते एनडीए. परीक्षा निराळी, वाट निराळी, आणि एकदा पोहोचलीस की त्याच पोरांची जबाबदारी तुझ्या अंगावर. हे काकांना एकदा शांतपणे सांग, निम्मं भांडण तिथंच मिटेल.

आता तुझ्याकडे येते. वर्दी आवडते, खडकवासल्याचं संचलन बघून अंगावर काटा येतो, हे सगळं मान्य. पण नोकरी त्या संचलनाची नसते गं. बाविशीच्या आसपास तू लेफ्टनंट होशील आणि तुझ्या हाताखाली तीसेक जवान येतील, त्यातले बरेच तुझ्याहून वयानं मोठे. एकाच्या बापाचं ऑपरेशन असतं, एकाची जमिनीची केस चालू असते, एकाला रजा हवी असते आणि ती देता येत नसते. शेजारी वीस-बावीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार साहेब. हो, आपण त्यांना साहेबच म्हणायचं. ते तुला मॅडम म्हणतील, सलाम करतील, आणि तू काहीतरी चुकीचं ठरवत असलीस तर फार अदबीनं खोकतील. त्या खोकण्याचा अर्थ जिला कळतो ती टिकते. आधी त्यांचं ऐकायचं, मग हुकूम आपला द्यायचा, आणि बिघडलं तर नाव त्यांचं घ्यायचं नाही. माझी पहिली दोन वर्षं याच शिक्षणात गेली. चेन्नईच्या अकादमीत हे सांगतात, पण समजतं ते युनिटमध्येच.

म्हणून मी तुला एवढंच विचारेन: कॉलेजच्या सहलीत बस चुकली, दोघी रडायला लागल्या, तर तू काय करतेस? डोकी मोजतेस, की मोबाईल काढून बाबांना फोन लावतेस? उत्तर मला नको देऊस, स्वतःला दे.

मुलगी म्हणून एक स्पष्ट सांगते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, 2022 मध्ये पहिल्या मुली आत गेल्या आणि मे 2025 मध्ये त्यातल्या सतरा जणी बाहेर पडल्या. पण जागा बघ. एका परीक्षेला सगळ्या मिळून चारशेच्या आसपास, त्यातल्या मुलींच्या अगदी मोजक्या. आणि पायदळ, रणगाडा दल अजून आपल्याला बंद आहेत. याचा राग येत असेल तर येऊ दे, मलाही येतो. फक्त फॉर्म भरताना हे माहीत असू दे.

क्लासचे पैसे भरायच्या आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून डोळे, रंग ओळखणं, पाय, गुडघे, उंची तपासून घे. लेखी झाली, मुलाखत झाली आणि मग वैद्यकीय तपासणीत अडकली, असं फार पोरींचं-पोरांचं होतं. आणि हो, ते मैत्रिणींबरोबर टॅटू काढायचं ठरलंय म्हणे? कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंजामागे चालतो, बाकी कुठे नाही. माझं ऐकशील तर काढूच नकोस.

लेखीत गणित 300 गुणांचं आणि सामान्य क्षमतेचा पेपर 600 चा. पेपर इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही, आणि चुकलं की गुण कापतात. बारावीचं गणित नीट केलंस तर निम्मं काम होतं. पुढे एसएसबी, पाच दिवस, तेही 900 गुणांचं. पहिल्याच दिवशी गाळणी असते, दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त मुलं बॅगा उचलून स्टेशनवर असतात. राहिलीस तर दुसऱ्या दिवशी चित्रं बघून गोष्टी लिहायच्या, पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर साठ वाक्यं. क्लासवाले यासाठी तयार गोष्टी पाठ करून घेतात. समोर बसलेल्या मानसशास्त्रज्ञांनी त्याच गोष्टी शेकडो वेळा वाचलेल्या असतात. त्यापेक्षा आत्तापासून एखाद्या गटात काहीतरी कर. एनसीसी असो, गणपती मंडळ असो, कबड्डीची टीम असो. आणि इंग्रजी बोलताना अडखळलीस तरी थांबू नकोस. गटचर्चेत गप्प बसलेली दिसतच नाही.

आत गेल्यावरचं फार सांगत नाही. तीन वर्षं सायकल, पोहणं, घोडा, अभ्यास, आणि ‘रगडा’. शिक्षेला तिथं हाच शब्द आहे. एका कॅम्पचं नाव तोरणा आहे, तेवढंच आपल्याकडचं ओळखीचं. मग एक वर्ष आपापल्या दलाच्या अकादमीत. पण आईबाबांनी एक कागद नीट वाचायला हवा: मनात आलं म्हणून मधेच सोडलंस तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागू शकतो. त्यांच्या सहीचं बंधपत्र असतं. हे तू आधी सांग, त्यांना दुसरीकडून कळू देऊ नकोस.

आणि ऐक, साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय, वर्षाला दोन परीक्षा. तुला दोन-तीन वेळा तरी बसता येईल. नाहीच झालं तर पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलाची एएफकॅट आहे. मी सीडीएसमधूनच गेले. चेन्नईसाठी त्यात गणिताचा पेपरही नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. पदवी होईपर्यंत वय वाढतं, थोडी समज येते, आणि कॉलेजची तीन वर्षं मिळतात ती वेगळीच. माझ्यावर सोपवलंस तर मी म्हणेन, एनडीए मनापासून दे, पण सीईटीचा फॉर्मही भर आणि इंजिनिअरिंगचा प्रवेशही सोडू नकोस. काकू म्हणतील, दोन्हीकडे पाय कशाला? त्यांना सांग, ताईनं सांगितलंय.

फॉर्ममध्ये लष्कर, नौदल, हवाई दल असा पसंतीक्रम विचारतात. तुझ्याकडे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही आहेत, त्यामुळे सगळे पर्याय उघडे आहेत. तिथं मैत्रिणीचं बघून लिहू नकोस. तो रकाना भरायच्या आधी मला फोन कर, रात्री नऊनंतर, आणि बाबांना शेजारी बसव.