भाकरी थापतात, पोळी लाटतात. का बरं?

वर्गात वाढदिवसाची बिस्किटं वाटली की एक मुलगी हात मागे घ्यायची. "ती भाव खाते," असं मुलं म्हणायची. तिच्या आईला विचारून मी वर्गाला खरं कारण सांगितलं. तिला सीलियाक हा आजार आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर उपाय एकच, ग्लूटेन कायमचं बंद.

ग्लूटेन म्हणजे काय? करून बघा.

गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठाचा एकेक गोळा मळा. अर्धा तास ठेवा. मग वाटीभर पाण्यात हळूहळू चोळून धुवा. गव्हाच्या गोळ्यातलं पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लूटेन! ज्वारीचा गोळा मात्र पाण्यात विरघळून जातो. हे ग्लूटेन गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांत असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत नसतं.

आता कोडं सुटलं ना? ग्लूटेनमुळे कणीक ताणली जाते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीचं पीठ लाटायला गेलं तर तुटतं, म्हणून भाकरी थापायची. पीठ गरम पाण्यात मळलं की त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी जुळून येते. पीठ जुनं झालं की भाकरीला चिरा पडतात. तेव्हा आजी म्हणते, "पिठाची विरी गेली."

जिथे पाव हेच रोजचं अन्न आहे, तिथे काय करतात?

आयर्लंडमध्ये सोडा ब्रेड हा घरगुती पाव करतात. त्यात यीस्ट नसतं, खाण्याचा सोडा आणि ताक असतं. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. ग्लूटेनची जाळी तो धरून ठेवते आणि पाव फुगतो. ग्लूटेन काढलं की पाव भुगाभुगा होतो. म्हणून तिथे तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि झँथन गम असं मिश्रण वापरावं लागतं.

आपल्या सोलापूरकरांचं जेवण मात्र मुळातच भाकरीचं! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही तर आपली ओळखच.

पण सावध!

गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ आपल्या ज्वारीत येतं. आपण "ज्वारीवर ज्वारी टाका" असं सांगतो, पण सीलियाक असलेल्यांना तेवढं पुरत नाही. त्यांचं दळण वेगळ्या जात्यावर किंवा फक्त ज्वारीसाठी ठेवलेल्या घरघंटीवर हवं. परात आणि तवाही वेगळा हवा. बांधानी हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे पाकीट वाचून घ्या.

आता आमच्या वर्गात वाढदिवसाला शेंगदाण्याची चिक्की वाटतात. ती मुलगीही हात पुढे करते.

विचार करा:
१. रवा, मैदा, शेवया, साबुदाणा यांपैकी कशात ग्लूटेन नाही?
२. तुमच्या डब्यातला कोणता पदार्थ ती खाऊ शकेल?