श्रवणयंत्र आणि स्वनिमभेद
चिखली परिसरातील प्रेसशॉपमध्ये वर्षानुवर्षे गोंगाटात काम करणाऱ्यांची श्रवणहानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. स्वरांची ऊर्जा मुख्यतः कमी वारंवारतेत असल्याने बोलणे ऐकू येते. परंतु ‘स’, ‘श’ ही घर्षक व्यंजने पुसट होतात. ‘साल’ की ‘शाल’, हे संदर्भावरून ताडावे लागते. श्रवणयंत्र उच्च वारंवारतेचे ध्वनी वाढवते, तेव्हा हरपलेला स्वनिमभेद पुन्हा जाणवू लागतो. मात्र प्रारंभी भांड्यांचा खणखणाटही बोचतो. मेंदूला सरावासाठी काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवसाच्या अनुभवावरून यंत्र पेटीत ठेवून देऊ नये.

स्वयंअध्ययन प्रश्न : घरातील वडीलधाऱ्यांना कोणते शब्द पुन्हा सांगावे लागतात? त्यांतील न्यूनतम युग्मे शोधा.