बंब येईपर्यंत काय करावे?

प्रश्न : आम्ही श्रीगोंदा तालुक्यात वस्तीवर राहतो. अग्निशमनचा बंब येईपर्यंत घरच्यांनी काय करावे?

उत्तर : वस्तीवर आग विझवायला सर्वांत आधी शेजारीच धावतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याच्या बटणाला हात लावू नये, तेवढी ठिणगीही पुरते. बाहेर येऊन १९०६ वर कळवावे.

कढईतले तेल पेटले तर पाणी कधीच ओतू नये; शेगडी बंद करून वर ताट झाकावे.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत 11 रुग्ण दगावले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वतःहून पळता येत नाही. म्हणून घरातल्या आजी-आजोबांना कोण उचलणार, हे आजच ठरवावे. १०१ वा ११२ वर फोन करताना वस्तीची खूण सांगावी आणि एकाने रस्त्यावर उभे राहावे.