नावं बदलल्यावर उरतं काय?

सबमिशनचा आठवडा आठवून पाहा. रात्रीचे दोन वाजलेत, मित्राची फाइल समोर उघडी आहे आणि आपण धडाधड छापतोय. सगळ्यात आधी काय बदलतो? नाव आणि रोल नंबर! थोडी अक्कल शिल्लक असेल तर दोन-चार रीडिंग्जही इकडची तिकडे करतो. मग व्हायवाला सर शांतपणे विचारतात, "हे रीडिंग एवढं का आलं रे?" आणि आपली दांडी गुल. कारण रीडिंग आपल्या फाइलमध्ये आलेलं असतं, पण ते तसं का आलं, हे मित्राकडेच राहिलेलं असतं.

आज हाच प्रश्न एका पुस्तकाला विचारायचा आहे. पुस्तक म्हणजे ई. एल. जेम्स या ब्रिटिश लेखिकेची 'फिफ्टी शेड्स' ही मालिका. मूळ तीन भाग, २०११-१२ मध्ये आलेले, प्रेमकथा, तीही प्रौढांसाठीची. फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रकाशकांनी जाहीर केलं की जगभरात दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. इतक्या लोकांनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल आपल्याकडे साधारण दोनच मतं ऐकू येतात. एक, "भारी आहे!" दुसरं, "कचरा आहे, आणि तोही चोरलेला." दुसरं मत ठोकून देणाऱ्या बऱ्याच जणांनी पुस्तक उघडलेलंही नसतं. मित्रांनो, 'चोरलेलं' आणि 'वाईट' हे दोन वेगळे आरोप आहेत. ते वेगवेगळेच तपासायला हवेत.

फॅन फिक्शन म्हणजे काय?

एखादी कथा आपल्याला इतकी आवडते की ती संपली तरी डोक्यातून जात नाही. मग त्यातलीच पात्रं घेऊन आपण पुढची गोष्ट रचतो. हे फॅन फिक्शन. काम बिनपैशाचं. मोबदला काय, तर वाचणाऱ्यांची शाबासकी आणि "पुढचं प्रकरण कधी?" हा तगादा. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही टीव्ही मालिका १९६६ साली सुरू झाली आणि १९६७ मध्येच तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकॅनालिया' हे हौशी मासिक काढलं. पण हौस त्याहून कितीतरी जुनी आहे. १६१४ मध्ये भलत्याच कुणीतरी 'डॉन किहोटे'चा दुसरा भाग छापून टाकला, आणि मूळ लेखक सर्व्हान्तेस यांनी १६१५ मध्ये स्वतःचा दुसरा भाग आणून त्याला उत्तर दिलं.

आता आपल्या पुस्तकाकडे येऊ. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' मालिका २००५ ते २००८ या काळात आली. बेला नावाची साधी मुलगी आणि एडवर्ड नावाचा व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू, यांची ती प्रेमकथा. जेम्सबाई तिच्या प्रेमात पडल्या आणि २००९ पासून त्यांनी टोपणनावाने एक लांबलचक फॅन फिक्शन लिहिलं. नाव 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स'. त्यात बेला आणि एडवर्डच होते, फक्त एडवर्ड व्हॅम्पायर नव्हता, तर अब्जाधीश उद्योगपती होता. हजारो चाहत्यांनी ते प्रकरणागणिक वाचलं. २०११ मध्ये ते इंटरनेटवरून काढलं गेलं, बेलाची अ‍ॅनास्टेशिया स्टील झाली, एडवर्डचा ख्रिश्चन ग्रे झाला, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशनाने ते पुस्तकरूपात आणलं. २०१२ मध्ये रँडम हाऊससारख्या बलाढ्य प्रकाशनाने हक्क घेतले. त्या वर्षाअखेरीस रँडम हाऊसने अमेरिकेतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना पाच-पाच हजार डॉलर बोनस वाटला. त्या वर्षीच्या कमाईत या मालिकेचा वाटा फार मोठा होता.

८९ टक्क्यांचा घोळ

प्रकाशकांचं म्हणणं असं, की जुनं फॅन फिक्शन आणि हे पुस्तक ही दोन वेगळी लेखनं आहेत. तेव्हा २०१२ मध्ये एका समीक्षक वाचक बाईंनी दोन्ही मजकूर 'टर्निटिन'मध्ये टाकले. हो, तेच ते सॉफ्टवेअर, ज्याच्या भीतीने फायनल इयरला आपली झोप उडते. साम्य निघालं ८९ टक्के!

हा आकडा ऐकला की लोक टाळी पिटतात, "बघा, चोरी सिद्ध झाली." पण जरा थांबा. तुलना कशाशी होती? 'ट्वायलाइट'शी नव्हती, जेम्सबाईंच्या स्वतःच्याच आधीच्या मजकुराशी होती. म्हणजे या आकड्यावरून मायर यांची वाक्यं उचलली, असं अजिबात सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की फॅन फिक्शनचं पुस्तक करताना नावांपलीकडे फारसं काही बदललं नाही.

कायद्याने पाहिलं तर कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती कशी मांडली त्यावर असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. एका नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा हिंदी सिनेमा उचलला, असा तो दावा होता, आणि तो टिकला नाही. गरीब मुलगी, श्रीमंत गूढ पुरुष, "माझ्यापासून लांब राहा" हा इशारा, यावर मायर यांचाही हक्क नाही. त्यांनी स्वतःच सांगितलंय की 'ट्वायलाइट'मागे जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' होती आणि तिसऱ्या भागामागे 'वुदरिंग हाइट्स'. तेव्हा उसनवारी हा गुन्हा धरला तर वाचनालयं रिकामी करावी लागतील.

सेंट्रिंग काढल्यावर

मग पुस्तक चांगलं आहे का? इथे सिव्हिलवाल्यांना पटेल असं उदाहरण देतो. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग असतं. ओलं काँक्रीट त्याच्यावर उभं असतं. सेंट्रिंग काढायचं तर आधी स्लॅबने स्वतःचा भार पेलायला शिकलं पाहिजे. फॅन फिक्शनचं तसंच आहे. त्याच्याखाली मूळ कथेचं सेंट्रिंग असतं. वाचक मूळ पुस्तक डोक्यात घेऊनच येतो, म्हणून लेखकाला बरंच काही सांगावं लागत नाही.

ग्रेचंच पाहा. वय २७. एवढ्या वयात अब्जावधींचा उद्योग, पियानो अप्रतिम वाजवतो, हेलिकॉप्टर आणि ग्लायडर उडवतो, बोलणं-वागणं मात्र जुन्या जमान्यातल्या सरदारासारखं. हे सगळं २७ वर्षांत कधी जमवलं बुवा? उत्तर 'ट्वायलाइट'मध्ये आहे. एडवर्ड दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्मलाय १९०१ मध्ये! पियानो शिकायला त्याच्याकडे अख्खं शतक होतं. भविष्य पाहणारी बहीण घरात असल्यावर पैशाचा तोटा नाही. जुनं बोलणं? माणूसच जुना आहे.

दुसरा प्रश्न. हा माणूस अ‍ॅनावर पहिल्याच भेटीत एवढा का भाळतो? ती मुलाखत घ्यायला येते, दारातच अडखळून पडते, आणि हा संपला. एडवर्डकडे कारण होतं. त्याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाचं नाही. शंभर वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला कोडं घालतं. ग्रेला मन वाचता येत नाही, म्हणून तो अपवादही उरला नाही. रीडिंग या फाइलमध्ये आलं, कारण त्या फाइलमध्ये राहिलं.

फॅन फिक्शन म्हणून हीच गोष्ट मजेची होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे वाचकाला दोन्ही बाजू माहीत असतात. रक्ताच्या तहानेच्या जागी लेखिकेने काय ठेवलं, कुटुंबाचं काय केलं, हे ताडून बघण्यातच गंमत असते. नावं बदलली आणि समीकरणाची एक बाजू पुसली गेली. तीच गोष्ट पुनरुक्तीची. ओठ चावणं, लाजणं, मनातल्या मनात उद्गार काढणं हे पुन्हा पुन्हा येतं. थोड्या-थोड्या दिवसांनी एकेक प्रकरण वाचणाऱ्याला ते खटकत नाही, उलट धागा जुळतो. सलग पाचशे पानं वाचणाऱ्याला मात्र दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

सगळ्यात महागात पडलेला बदल

आतापर्यंतचे दोष कारागिरीचे होते. हा पुढचा जास्त गंभीर आहे. एडवर्ड बेलाच्या खोलीत रात्री येऊन तिला झोपेत पाहत बसतो. हेही खटकणारंच, पण तो अमानवी जीव आहे आणि त्याची धास्ती त्याच्या जातकुळीतूनच येते. ग्रे माणूस आहे. तो अ‍ॅनाचा फोन कुठे आहे याचा माग काढतो, ती नोकरी करते ती कंपनीच विकत घेतो. व्हॅम्पायर काढला की उरतो तो पैशाच्या जोरावर मागे लागणारा पुरुष. लहानपणी त्याचे हाल झाले होते हे कारण पुस्तक देतं. पण तेवढ्यावर हे खपवून घ्यायचं का? आपल्या वर्गातल्या मुलीच्या मागे कोणी असा लागला तर आपण त्याला प्रेम म्हणू का? माझ्या मते पुस्तकावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे, आणि चोरीच्या गोंगाटात तोच मागे पडतो.

याचा अर्थ ते वाचणाऱ्या मुली भोळ्या, असा काढू नका. हॉस्टेलवर वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणारीलाही दिवास्वप्न आणि खरा नवरा यातला फरक कळतो. एकटा हिरो पन्नास गुंडांना लोळवतो ते सिनेमे आपण पाहतोच की, आणि त्यावर आपली अक्कल कोणी काढत नाही. मुलींच्या स्वप्नरंजनाची मात्र टिंगल होते. बाईने बाईच्या इच्छेबद्दल लिहिलं आणि कोट्यवधी बायकांनी ते न लाजता विकत घेतलं, ही या मालिकेची खरी कमाई आहे. ती नाकारता येणार नाही.

मग उसनवारी करावी कशी?

दोन सरळ रस्ते आहेत. पहिला, आधार उघड ठेवायचा. जीन र्‍हीस यांनी १९६६ मध्ये 'वाइड सारगासो सी' लिहिली. १८४७ सालच्या 'जेन एअर'मध्ये माळ्यावर कोंडलेली एक वेडी बायको आहे, तिची बाजू या कादंबरीने मांडली. वाचकाला 'जेन एअर' आठवावीच, अशीच तिची रचना आहे.

दुसरा रस्ता, भार नव्याने मोजायचा. पुलंची 'ती फुलराणी' हे शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'चं रूपांतर, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मूळ नाटक इंग्रजी उच्चारांवर उभं. नुसती नावं बदलून ते मराठीत कोसळलं असतं. पुलंनी ते मराठी बोलींवर नव्याने उभं केलं. 'फिफ्टी शेड्स'ने आधारही झाकला आणि भारही मोजला नाही. पंचाईत झाली ती तिथे.

आणखी एक देणं राहतंच. ज्या चाहत्यांनी फुकट वाचून, चुका दाखवून, धीर देऊन ती कथा वाढवली, त्यातल्या अनेकांना ती बाजारात गेल्यावर फसवल्यासारखं वाटलं. हौसेचा व्यवहार अचानक पैशाचा झाला होता. ही वाट पुढे रुळली. अ‍ॅना टॉड यांची २०१४ मध्ये छापलेली 'आफ्टर' आणि अली हेझलवूड यांची २०२१ मधली 'द लव्ह हायपोथिसिस' या कादंबऱ्याही मुळात फॅन फिक्शनच. म्हणजे हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येणार.

तेव्हा असं पुस्तक हातात आलं की टक्केवारी विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. काय घेतलं? घेतलेल्याचं कारणही सोबत आणलं का? आणि ज्यांचं घेतलं त्यांचं नाव घेतलं का? माझ्या हिशेबात 'फिफ्टी शेड्स' पहिल्या प्रश्नात सुटते, दुसऱ्यात नापास होते आणि तिसऱ्यात काठावर अडकते. जेम्सबाईंनी मूळ प्रेरणा पुढे मान्य केली, पण छापील पुस्तक स्वतंत्र म्हणूनच विकलं गेलं. तुमचा निकाल वेगळा लागेल, हरकत नाही. फक्त पुस्तक वाचून लावा.

आणि हो, पुढच्या सबमिशनला फाइल छापाल तेव्हा निदान ते रीडिंग तसं का आलं, एवढं मित्राला विचारून ठेवा!