वेदनाशामक गोळी बंधन होते तेव्हा

अभ्यासासाठी वाचन : लूक १०:२५-३७



शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. वेदना कमी करणे हे दयेचेच काम आहे. उपचाराच्या कारणाशिवाय अमली पदार्थ घेणे ख्रिस्तसभा गंभीर अपराध मानते. उपचारासाठी दिलेले औषध त्यात मोडत नाही. पण तेच औषध पुढे बंधन झाले तर?

नांदेड-लातूर भागात मोंढ्यात पोती उचलणारे, ऊसतोडीला जाणारे यांना कंबरदुखी नवी नाही. अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पाच दिवसांची गोळी लिहून देतात. मग कोणी तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षभर गोळ्या आणत राहतो.

१. कोणती गोळी?
डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचे व्यसन लागत नाही. मात्र त्या फार दिवस घेतल्यास पोट व मूत्रपिंडांना इजा होते. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन ही औषधे अफूच्या जातीची. ती मेंदूवर काम करतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे एक टक्का लोक अफूवर्गीय औषधांचा गैरवापर करतात असे आढळले.

२. बंधन कसे पडते?
शरीराला सवय होते. एका गोळीने भागत नाही, दोन लागतात. गोळी चुकली की अंग मोडून येते, घाम सुटतो, जुलाब होतात, झोप लागत नाही. म्हणून माणूस पुन्हा गोळी घेतो. याला 'मन कच्चे' म्हणू नये. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

३. सुटका कशी?
गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टरांना खरा आकडा सांगावा. ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मात्रा हळूहळू उतरवतात; गरज पडल्यास ब्युप्रिनॉर्फिन देतात. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर ही औषधे घेतल्यास श्वास थांबू शकतो. काही काळ बंद ठेवून पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेणेही जिवावर बेतते.

नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही आधार देते.

४. आपले काम
शोमरोनी मलमपट्टी करून निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि 'परत येईन' असे सांगितले. बरे होण्यास वेळ लागतो. एखाद्याची गोळी पुन्हा सुरू झाली तर टोमणे न मारता त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. गोळ्या घरातील एकाच्या ताब्यात ठेवाव्यात. तपासणीच्या दिवशी सोबत जावे. आणि ही गोष्ट चव्हाट्यावर आणू नये.

चिंतनासाठी प्रश्न
१. आपल्या घरात जुन्या चिठ्ठीवर कोणती गोळी अजून चालू आहे?
२. लाजेपोटी गप्प असलेला कोणी आपल्याजवळ मोकळेपणाने बोलू शकेल, असे आपण वागतो का?